आतले घड्याळ आणि त्याच्या संशोधनाचा खर्च

पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. बाहेर अजून काळोख आहे, चर्चची पहिली घंटाही झालेली नाही. तरी गोठ्यातली गाय उठून उभी राहिलेली असते आणि धारेची वेळ झाली की हंबरू लागते. खुराड्यात कोंबडा आरवतो. घरातली म्हातारी माणसे गजर न लावता जागी होतात. या सर्वांना वेळ कोणी सांगितली?

उजेडाने सांगितली म्हणावे, तर उजेड अजून झालेला नाही. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी कोंबडे दिवसरात्र सारख्याच मंद प्रकाशात ठेवून पाहिले आणि आपला निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. पहाट होण्याचे काही चिन्ह नसतानाही कोंबडे रोज साधारण त्याच सुमारास आरवत राहिले. म्हणजे वेळ त्यांच्या आतच मोजली जात होती. आपल्याही आत असे घड्याळ आहे. त्याला जैविक घड्याळ म्हणतात.

या लेखात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, हे घड्याळ कसे चालते आणि आपल्या प्रकृतीशी व शेतीशी त्याचा काय संबंध. दुसरी, असल्या विषयावर विद्यापीठात संशोधन केंद्र काढायचे तर त्याला पैसा कोणी द्यावा, का द्यावा आणि त्यातून काय निघते. दुसरी गोष्ट आपल्याला दूरची वाटेल. पण सरकारचा पैसा म्हणजे शेवटी लोकांचाच पैसा. डिझेलसारखी वस्तू विकत घेणारा प्रत्येक जण कर भरतो. तेव्हा हा हिशेब आपणही समजून घ्यायला हवा.

लाजाळूपासून सुरुवात

लाजाळूचे रोप आपण सर्वांनी पाहिले आहे. दिवसा त्याची पाने उघडी असतात, रात्री मिटतात. १७२९ मध्ये द मेरां नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने असे पाने मिटणारे रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही पाने वेळेवर उघडली आणि वेळेवर मिटली. पुढे शंभरेक वर्षांनी स्वित्झर्लंडच्या द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणखी बारकाईने पाहिले. सतत एकाच प्रकाशात ठेवलेल्या रोपाचा दिवस बरोबर चोवीस तासांचा नसून बावीस-तेवीस तासांचा भरतो, असे त्याला आढळले.

हा फरक फार महत्त्वाचा आहे. रोप जर बाहेरून कुठून तरी वेळ चोरून ऐकत असते, तर त्याचा दिवस चोवीस तासांचाच भरला असता. तो तसा भरत नाही, याचा अर्थ घड्याळ आतले आहे आणि ते थोडे पुढे-मागे चालते. आपले जुने मनगटी घड्याळ रोज दोन मिनिटे मागे पडे आणि आपण रेडिओच्या बातम्यांबरोबर ते लावून घेत असू, तसेच हे. फक्त येथे लावून देणारा रेडिओ म्हणजे सकाळचा सूर्यप्रकाश. माणसाचे आतले घड्याळ सरासरी चोवीस तास आणि दहा-बारा मिनिटांचे असते. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते पुन्हा जागेवर येते. ज्याला कित्येक दिवस सकाळचा उजेड मिळत नाही, त्याचे घड्याळ हळूहळू मागे सरकते.

घड्याळ आहे कुठे?

डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या दोन शिरा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर पेशींचे दोन बारीक पुंजके आहेत. दोन्ही मिळून सुमारे वीस हजार पेशी. आकार तांदळाच्या दाण्याहूनही लहान. १९७२ मध्ये अमेरिकेत दोन ठिकाणी उंदरांवर प्रयोग झाले. हा भाग नष्ट केल्यावर उंदीर दिवस-रात्र हा भेदच विसरले, कधीही झोपू लागले आणि कधीही फिरू लागले.

याहून स्पष्ट पुरावा १९९० मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातून आला. मायकेल मेनाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपाशी हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याची एक वेगळी जात होती. तिचा आतला दिवस फक्त वीस तासांचा होता. असा एक प्राणी त्यांना योगायोगानेच सापडला होता. त्यांनी साध्या हॅम्स्टरच्या मेंदूतला तो पुंजका काढला आणि वीस तासांच्या जातीतला पुंजका तिथे बसवला. त्या प्राण्याचा दिवस वीस तासांचा झाला. उलट केले तेव्हा उलट झाले. वेळ त्या पुंजक्यातूनच येते याबद्दल मग शंका राहिली नाही.

चिलटाने दिलेले उत्तर

आता पुढचा प्रश्न. पेशीला काटे नाहीत, चावी नाही, स्प्रिंग नाही. मग ती वेळ मोजते कशी?

याचे उत्तर पिकलेल्या केळ्यावर बसणाऱ्या चिलटाने, म्हणजे फळमाशीने दिले. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील रोनाल्ड कोनोप्का आणि सिमोर बेन्झर यांनी चिलटांच्या तीन विचित्र जाती वेगळ्या काढल्या. एकीचा दिवस एकोणीस तासांचा, दुसरीचा अठ्ठावीस तासांचा, आणि तिसरीला वेळेचे भानच नाही. तिन्हींचा दोष एकाच जनुकात होता. जनुक म्हणजे आईबापांकडून पिलाकडे जाणारी, शरीर कसे घडावे हे सांगणारी आज्ञा. १९८४ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठात जेफ्री हॉल आणि मायकेल रॉसबॅश यांनी, तर रॉकफेलर विद्यापीठात मायकेल यंग यांनी ते जनुक वेगळे करून दाखविले.

त्याचे काम समजायला घरावरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी भरत आली की तरंगणारा गोळा वर येतो आणि नळ बंद करतो. पाणी वापरून खाली गेले की गोळा उतरतो आणि नळ पुन्हा सुरू होतो. पेशीतही असेच घडते. ते जनुक एक प्रथिन तयार करवते. प्रथिन साचत जाते. पुरेसे साचले की ते पेशीच्या गाभ्यात शिरते आणि आपल्याच जनुकाचा नळ बंद करते. मग साचलेले प्रथिन हळूहळू मोडून जाते, आणि नळ पुन्हा उघडतो. या एका फेऱ्याला सुमारे चोवीस तास लागतात. हा फेरा हेच घड्याळ. माणसातही याच कुळातली जनुके काम करतात. या शोधाबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्षे मोजून पाहा. १९७१ ते २०१७ म्हणजे सेहेचाळीस वर्षे. कोनोप्का आणि बेन्झर तोवर हयातही नव्हते. इतकी वर्षे या कामाला पैसा कोणी पुरविला?

व्हर्जिनियाचे केंद्र

अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन नावाची सरकारी संस्था १९५० पासून आहे. लोकांच्या करातून आलेला पैसा ती विद्यापीठांना संशोधनासाठी देते. एरवी ती एकेका प्राध्यापकाला थोड्या वर्षांसाठी अनुदान देत असे. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिने एक नवी योजना काढली. एकाच मोठ्या प्रश्नावर वेगवेगळ्या ठिकाणची माणसे एकत्र काम करतील अशी केंद्रे काढायची आणि त्यांना दीर्घकाळ पैसा द्यायचा, अशी ती योजना होती. त्यातच १९९१ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात जैविक घड्याळांचे केंद्र सुरू झाले. त्याचे पहिले संचालक जीन ब्लॉक होते. हे विद्यापीठ शार्लट्सव्हिल या लहानशा शहरात आहे. केंद्राचे मुख्य ठाणे तिथे असले, तरी चिलटांवर काम करणारी ब्रँडाइसची मंडळी आणि उंदरांवर काम करणारी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची मंडळीही त्यात होती.

असे एकत्र येणे का हवे? आपल्या माळावर दहा शेतकऱ्यांनी आपापल्या बांधावर पाच-पाच फुटांचे दहा खड्डे खणले, तर एकालाही पाणी लागत नाही. तेच दहा जण मिळून एक विहीर पन्नास फूट खणतील, तर पाणी लागण्याची आशा धरता येते. घड्याळाच्या संशोधनाचेही तसेच आहे. चिलटात सापडलेले जनुक उंदरात आहे का, हे उंदीर पाळणारा पाहील. ते कोणत्या पेशीत चालू-बंद होते, हे तिसरा पाहील. चौघांच्या चार भाषा एका टेबलाशी बसल्याशिवाय जुळत नाहीत.

हे काम खर्चिक का, हेही सांगायला हवे. रक्तातली साखर तपासायला काही मिनिटे पुरतात. घड्याळ तपासायला एकेका प्राण्याला कित्येक आठवडे अंधारात, एकाच तापमानात ठेवावे लागते. त्याची प्रत्येक हालचाल दिवसरात्र यंत्राने नोंदवावी लागते. मध्येच वीज गेली, कोणी चुकून दिवा लावला, की सारे मुसळ केरात. पैसा बहुतेक अशा खोल्यांवर, यंत्रांवर, प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांच्या पगारावर आणि विद्यार्थ्यांच्या विद्यावेतनावर जातो.

पैसा मिळाला तो मात्र मोकळ्या हाताने नव्हे. आधी अर्ज, मग त्या विषयातल्या जाणकारांकडून छाननी. पुढे ठराविक वर्षांनी कामाची तपासणी, आणि ती समाधानकारक असेल तरच मुदतवाढ. विद्यार्थी तयार करणे आणि ज्ञान विद्यापीठाबाहेर पोचविणे, याही अटी होत्या. शिवाय योजनेला शेवट होता. सुमारे दहा वर्षांनी हा पैसा थांबणार हे आधीच ठरलेले होते, आणि तसा तो थांबला.

त्या पैशातून काय निघाले?

काही फळे मोजून दाखविता येतील. ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये समुद्री गोगलगायीच्या डोळ्यातली एकटी पेशी वेगळी काढून जगविली. त्या एकट्या पेशीतही चोवीस तासांचा फेरा चालू होता. नॉर्थवेस्टर्नमध्ये जोसेफ ताकाहाशी यांनी १९९४ मध्ये उंदराच्या घड्याळातला एक जनुकदोष शोधला आणि १९९७ मध्ये ते जनुकच हाती आणले. सस्तन प्राण्याच्या घड्याळाचे जनुक अशा प्रकारे हाती येण्याची ती सुरुवात होती. १९९७ मध्येच चिलटाच्या घड्याळाला काजव्याचे चमकणारे जनुक जोडण्यात आले. तेव्हा दिसले की चिलटाचे डोकेच नव्हे, तर पाय आणि पंखसुद्धा आपापली वेळ मोजतात.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे दोन प्रयोग व्हर्जिनियातच झाले. २००० मध्ये उंदरांची दिवस-रात्र एकदम पुढे-मागे सरकविण्यात आली. मेंदूचे घड्याळ लवकर जुळले, पण फुफ्फुस, स्नायू आणि यकृत यांची घड्याळे कितीतरी दिवस मागे रेंगाळली. म्हणजे पाळी बदलल्यावर काही दिवस शरीराचे एक अंग दुसऱ्याशी जुळत नाही. २००१ मध्ये उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळी, म्हणजे दिवसा, फक्त चार तास खायला देण्यात आले. दोन दिवसांत यकृताचे घड्याळ सुमारे दहा तास सरकले, मेंदूचे मात्र हलले नाही. मेंदू उजेडाकडे पाहून वेळ लावतो, आणि यकृत ताटाकडे पाहून, असे समजायला हरकत नाही.

रात्रीचे पाणी आणि रात्रीचे जेवण

आता हे आपल्या दारात आणू. आपल्याकडे अनेक गावांत शेतीपंपाला पुरेशा दाबाची वीज पाळीपाळीने मिळते, आणि पुष्कळदा ती पाळी रात्रीची येते. उसाला, गव्हाला पाणी द्यायला शेतकरी रात्री अकराला घराबाहेर पडतो आणि पहाटे परततो. विंचू-सापाचे भय तर असतेच. पण आतल्या घड्याळाची जी ओढाताण होते, ती डोळ्यांना दिसत नाही. कारखान्यात किंवा इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या आपल्या मुलामुलींचेही तेच.

वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचे काम कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या गटात प्रथम २००७ मध्ये टाकले, आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेथेच ठेवले. याचा अर्थ रात्री पाणी दिले की कर्करोग होतो, असा मुळीच नाही. संशय घेण्याइतका पुरावा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

साध्या माणसाच्या दिवसातही घड्याळाच्या खुणा दिसतात. हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरात अधिक येतात. दमेकऱ्याला पहाटेकडे अधिक त्रास होतो. तेच जेवण सकाळी घेतले तर रक्तातील साखर कमी चढते, रात्री उशिरा घेतले तर जास्त चढते. म्हणून पुढील गोष्टी पाळण्यासारख्या आहेत.

सकाळी उठल्यावर अर्धा तास तरी उघड्यावर उजेडात काम करावे. शेतकऱ्याला हे औषध फुकट मिळते.

रोजची जेवणे ठरल्या वेळी घ्यावी. रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी आटोपावे.

रात्री पाण्याला जायचे असेल तर निघण्याआधी जेवून घ्यावे. मध्यरात्री पोटभर खाऊ नये. बॅटरी आणि बूट यांत मात्र काटकसर करू नये, कारण सापापासून जीव आधी वाचवायचा आहे.

परतल्यावर खोली अंधारी करून झोपावे. घरच्यांनी त्या माणसाला सकाळच्या कामासाठी हाका मारू नयेत. झोप अपुरी असताना मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नये.

भावांनी किंवा शेजाऱ्यांनी रात्रीची पाळी शक्य तर वाटून घ्यावी, म्हणजे एकाच माणसावर सारा भार पडणार नाही.

औषधाच्या वेळेविषयी एक सावधगिरी. रक्तदाबाची गोळी रात्री घेतली तर अधिक फायदा होतो, असे मध्यंतरी ऐकू येत होते. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर याची नीट चाचणी झाली आणि निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सकाळी घ्या की संध्याकाळी, झटके टाळण्यात फरक दिसला नाही. या चाचणीचा पैसा हृदयविकारावर काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेने दिला होता, म्हणजे तो लोकांच्या देणग्यांतून आला होता. एखादी गोष्ट खोटी ठरविणारे संशोधनही पैशाचे चीज करते. आपण मात्र डॉक्टरांनी सांगितलेली वेळ स्वतःच्या मनाने बदलू नये.

शेतीला काय मिळाले?

निपाणी भागातील वाचकांना तंबाखूची ही गोष्ट रुचेल. अमेरिकेत मेरीलँड मॅमथ नावाची तंबाखूची एक जात होती. ती शेतात फक्त वाढतच जाई, फूल धरत नसे. मग बी कसे मिळवायचे? सरकारी शेतीखात्यातील गार्नर आणि अॅलार्ड यांनी ती रोपे दिवसाचा काही वेळ अंधाऱ्या खोपीत ठेवली. दिवस लहान झाला आणि फुले आली. १९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. दिवसाची लांबी पाहून फुलणारी पिके असतात, हे तेव्हापासून स्पष्ट झाले. शेवंतीचे मळेवाले रात्री दिवे लावून फूल लांबवितात, कांद्याची जात प्रदेशाच्या दिवसमानाप्रमाणे निवडावी लागते, अंड्यांच्या कोंबड्यांना हिवाळ्यात जादा उजेड द्यावा लागतो, या सर्वांचे मूळ तेथेच आहे.

त्याहून मोठी गोष्ट गव्हाची. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत एकाच वर्षात दोन वेगळ्या प्रदेशांत, वेगळ्या दिवसमानात गहू पेरून जाती निवडल्या. त्यामुळे दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणारा गहू मिळाला. तो गहू १९६०च्या दशकात आपल्या देशात आला आणि येथेही रुजला. आपल्या पोळीमागे पिकाच्या घड्याळाचाही थोडा हात आहे.

पण एवढा पैसा द्यावाच का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मूर्ख म्हणू नये. ज्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध नाही, तिथला माणूस चिलटांवरचा खर्च ऐकून चिडणारच. त्याला उत्तर द्यायचे तर असे देता येईल. दवाखाना हवाच, तो आधी हवा. पण दवाखान्यात जे औषध आणि जो सल्ला मिळतो, तो कुठून येतो? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खासगी कंपनी पाच-सात वर्षांत विकता येईल अशा वस्तूवर पैसा लावते, आणि धंद्याच्या दृष्टीने त्यात चूक नाही. सेहेचाळीस वर्षे थांबण्याची ताकद मात्र लोकांच्या पैशात आणि निरपेक्ष देणगीतच असते. पी हळद आणि हो गोरी, असे संशोधनात होत नाही. आंब्याची कोय लावणारा म्हातारा आपण फळ खाऊ म्हणून लावत नाही.

तरीही मोठे केंद्र काढले की सारे भागले, असे नाही. नोबेल मिळालेले जेफ्री हॉल त्याच्या बऱ्याच आधी संशोधन सोडून गेले होते. २००८ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी कडवटपणे सांगितले की नावाजलेल्या थोड्या माणसांकडे पैसा वाहतो आणि बाकीचे कोरडे राहतात. ज्याच्या कामाला पुढे जगातला सर्वांत मोठा मान मिळाला, त्याचीच ही तक्रार होती. म्हणून मोठी विहीर खणताना पाणी कुठे लागेल हे शोधणाऱ्या लहान माणसालाही दोन पैसे मिळायला हवेत. आणि पैसा कुठे गेला, त्याचा उघड हिशेब हवा.

थोड्या पैशातही काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. एम. के. चंद्रशेखरन यांनी जर्मनीत ट्युबिंगेन येथे एर्विन ब्युनिंग या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केले आणि परत येऊन मदुराई कामराज विद्यापीठात या विषयाची प्रयोगशाळा उभी केली. परदेशी बनावटीच्या महागड्या खोल्यांची वाट न पाहता त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जवळपासच्या डोंगरातल्या गुहा वापरल्या. तिथे अंधार निसर्गानेच पुरविला होता, आणि वटवाघळेही. गुहेत कोंडलेले वटवाघूळ सूर्य न पाहताही, बाहेर ये-जा करणाऱ्या आपल्या भाऊबंदांच्या वेळेशी आपले घड्याळ जुळवून घेते, असे त्यांनी दाखविले. माणसाला घड्याळाविना आणि सूर्याविना काही आठवडे राहता येईल अशी खोलीही तिथे बांधण्यात आली. पुढे बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्रातही हे काम सुरू झाले.

तेव्हा कोणी संशोधनासाठी पैसा मागेल, मग ते सरकार असो, विद्यापीठ असो की एखादी संस्था, त्याला चार साधे प्रश्न विचारावे. काम कोणते? ते कोण तपासणार? किती वर्षे चालणार? आणि जे कळेल ते सर्वांना खुले राहणार का? या चारांची सरळ उत्तरे मिळाली, तर तो खर्च वाया जाणार नाही असे समजावे. उत्तराऐवजी महिन्याभरात गुण देणारी गोळी किंवा यंत्र कोणी पुढे केले, तर पिशवी घट्ट बांधून घरी यावे.

आणि आपल्या घरात एखादे पोर लाजाळूच्या पानाला हात लावून ते पुन्हा किती वेळाने उघडते हे मोजत बसले असेल, तर त्याला कामाला हाकलू नका. त्याला एक वही द्या आणि वेळ लिहून ठेवायला सांगा. रात्री तेच रोप खोक्याखाली झाकून सकाळी पाहायलाही सांगा. द मेरांनेही याहून फार वेगळे काही केले नव्हते.